अंबुबाईचे पाय

सोपानरावांनी आईच्या नावानं भीमाशंकरला चालत जायचं ठरवलं आणि घरात कुणाला विचारलं नाही. त्यांच्याकडे तशी पद्धतच नव्हती. अंबुबाई, म्हणजे त्यांची आई, दर शिवरात्रीला चाकणजवळच्या त्यांच्या वाडीतून भीमाशंकरपर्यंत अनवाणी जायची, हे आख्ख्या वाडीला पाठ होतं. म्हातारी दिवाळीनंतर गेली. आता पहिलीच शिवरात्र, तेव्हा सगळ्यांनी जायचं, तेही अनवाणी! जमीन कंपन्यांना गेल्यापासून खोल्यांचं भाडं गोळा करण्यापलीकडे सोपानरावांना काम नव्हतं, त्यामुळे हुकूम सोडायला वेळच वेळ.

त्यांच्या लेकीनं, पूनमनं, कंपनीत शिफ्ट बदलून घेतली. तिचा भाऊ कुलदीप मनगटातल्या घड्याळात बघून, किती कॅलरी जळल्या ते महादेवालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता. आई, विजयश्री, गुडघे सांभाळत सगळ्यांच्या मागून येत होती. दुसऱ्या दिवशी खेड मागे पडलं, डांबर तापलं आणि ती रस्त्याकडेच्या मोरीवर मटकन बसली. तळव्याचा फोड फुटला होता.

"गाडी बोलावू का?" कुलदीप म्हणाला.

"काही नको," सोपानराव खेकसले. "माझी आय सत्तरीत चालायची. हिला पन्नाशीत काय धाड भरलीय?"

पूनमच्या पोटात एक गोष्ट लहानपणापासून कोंडलेली होती, ती तिथं उसळी मारू लागली. दहा वर्षांची असताना आजी तिला एकदा सोबत घेऊन गेली होती. खेडपर्यंत कशीबशी चालत. तिथं आजीनं गरमागरम भजी घेतली, नातीला एसटीत कोंबलं आणि खिडकीची जागा स्वतः बळकावली. देवळाच्या अलीकडच्या वळणावर उतरून पायाला फुफाटा चोळला, लुगडं जरा मळवलं आणि दमल्यासारखी कण्हत दर्शनाला गेली. "बापाला सांगितलंस तर शंकर तिसरा डोळा उघडंल," तिनं नातीला बजावलं होतं, "आन पयला तुझ्यावर!"

पूनमला आजी फार आवडायची. म्हातारीचं नाव घालवायला तिची जीभ रेटेना. पण इथं जित्या आईचे पाय सोलवटून निघत होते, आणि का, तर मेलेली आजी एसटीनं गेली होती म्हणून. उघड शंकरा, तुझा तिसरा डोळा, असं म्हणून तिनं सगळं सांगून टाकलं. भज्यांसकट.

सोपानराव आधी चिडले, मग लेकीला खोटारडी म्हणाले, मग आधारासाठी बायकोकडे बघू लागले.

"तिच्यावर कशाला डाफरताय?" विजयश्री म्हणाली. "मला ठावं होतं की. परत आल्यावर त्यांचे पाय कोण चेपायचं? एवढी वाट अनवाणी तुडवून आलेली बाई, आन तळव्याला फोड न्हाई. लोण्यावानी पाय!"

"मग बोलली का नाहीस गं कधी?" पूनम ओरडलीच.

"कशाला बोलू? वर्षातनं एकदा म्हातारी सुटायची घरातनं, खिडकीत बसून भजी खायची. खाऊ दे की. मला तेवढंबी सुचलं न्हाई कधी."

सोपानराव मोरीच्या दुसऱ्या टोकाला टेकले. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायची अक्कल त्यांच्याकडे नव्हती. नाक पुसत त्यांनी फोन काढला. "गाडी बोलावतो," ते म्हणाले. "कशाला चालायचं मग आता?"

"तुमी बसा गाडीत." विजयश्रीनं हातरुमाल तळव्याला आवळून बांधला आणि उभी राहिली. "भाजीत मीठ कमी पडलं तरी तुमचं आपलं चालूच, माझी आय भीमाशंकरला चालत जाती. तीस वर्सं ऐकलं मी. आता पोचल्याबिगर थांबायची न्हाई. ह्या घरातली एक तरी बाई खरंच चालून गेली पायजे."

आणि ती लंगडत निघालीसुद्धा. कुलदीपनं मनगटातलं घड्याळ काढून खिशात टाकलं. सोपानराव धडपडत उठले आणि बायकोच्या मागून जाऊ लागले.

"अगं, जरा दमानं," ते म्हणाले.

"दमा तुमी," ती मागं न बघता म्हणाली.