माझ्या दाराची बिजागरी

मी पावाची एक जुनी भट्टी आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्याने गोड बोलावे असा रिवाज आहे. तो मला जमणार नाही. मला विटांचे पोट मिळाले, वर उघडणारे लोखंडी दार मिळाले, आणि माझ्या नशिबी आले दोन भाऊ.

थोरला, मी सरकारी मालकीची होते त्या काळातला व्यवस्थापक. किती पाव भाजायचे ते वरून ठरून यायचे. कच्चा असो की करपलेला, पाव मोजणीत धरला जाई, म्हणून चव कोणी बघतच नसे. तरी रांगेतल्या शेवटच्या बाईलाही पाव मिळे, हे मी नाकारत नाही. त्याच काळात माझ्या दाराची बिजागरी तडकली. माझ्या तोंडाशी राबणारी त्यांची बहीण म्हणाली, "दादा, हे दार एक दिवस अंगावर पडेल."

"यंदाच्या योजनेत बिजागरी नाही. पुढच्या योजनेत बघू."

तिने दाराला काठीचा टेकू दिला आणि कामाला लागली.

मग राज्य बदलले आणि धाकट्याने मला विकत घेतले. पाव खरोखर खुसखुशीत झाले. पहिल्यांदाच माझे कौतुक झाले आणि मी हुरळून गेले. पण उरलेले पाव हा गडी माझ्याच पोटात जाळायचा. फुकट वाटले तर उद्या विकत कोण घेणार? बहिणीने बिजागरीचा विषय काढला तेव्हा म्हणाला, "ताई, खर्च वाढला की पाव महाग. समोरचा बेकरीवाला टपूनच बसलाय. काठी आहे ना?"

थोरला रोज चहाला यायचा, तो भांडायलाच.

"तुझा बाजार माणसं खातो!"

"आणि तुझ्या योजनेनं माणसं रांगेत वाळवली, त्याचं काय?"

दोघेही खरे बोलत, म्हणून तर मला दोघांचाही संताप येई.

एके सकाळी काठी मोडली. दार बहिणीच्या उजव्या हातावर आदळले.

"बिजागरी तुझ्या काळात तडकली!" धाकटा ओरडला.

"दार तुझ्या काळात पडलं!" थोरला गरजला.

"मेल्यांनो, माझा हात अडकलाय!" ती किंचाळली. "आधी दार उचला!"

तेव्हा कुठे दोघे वाकले. तिची दोन बोटे कायमची वाकडी झाली. पुढे तिनेच लोहार बोलावला. चहा निवायच्या आत त्याने बिजागरी बदलली.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही यातली एक बाजू घ्याल. खुशाल घ्या, कडाकडा भांडा. पण त्याआधी वाकून बघा, दाराखाली कोणाचा हात आहे.