रुद्रप्पाच्या चक्कीचं उलटं चाक

इजंचा शोध कुनी लावला, आसं मला कुनी इचारलं तर मी सांगंन, नाव ठावं न्हाय बाबा, पर त्येच्या आईला लई दळाय लागत आसंल. न्हायतर कुनाला सुचतंय आसलं?

माझी सासू बजाबाई. मी तिला आत्याबाई म्हनायची. आत्याबाईला जातं म्हंजे देव. आमच्या सोलापुरात तवा गल्लीतल्या समद्या सुना पाटंचं तीनला उठायच्या आन उजाडंपत्तुर दळायच्या. घरात नऊ तोंडं, नऊ बी भाकरी खानारी. माझा उजवा खांदा डाव्यापरीस बोटभर खाली उतरला व्हता. मला बी ठावं नव्हतं, चोळीचं माप घेताना शिंप्यानं सांगितलं. घरधनी कापडाच्या गिरनीत कामाला. त्येंना खांद्याचं बोलले तर म्हनले, "मंग डाव्या हातानं दळ की." आसा ह्यो मानूस. ह्येच्यासंगं मी चाळीस वर्सं काडली, कुनी हार घातला न्हाय मला.

तर त्या साली रुद्रप्पानं इजंवरची चक्की घातली. रुद्रप्पा आमच्या गल्लीच्या तोंडाला ऱ्हायचा. कपाळाला इभूत, गळ्यात लिंग, आन मराठी बोलता बोलता घाबरला की कानडीत घुसायचा. त्येच्या घराच्या दक्षिनेला कापसाच्या जिनिंगाचा कारखाना व्हता, तितं ईज करनारा डायनामो फिरायचा. त्येच्यातनं दोन तारा वडून आनल्या आन जुन्या बाजारातली मोटार जोडली. जातं आडवं आस्तंय, ही चक्की उभी व्हती. दगड लोखंडाच्या पेटीत झाकल्यालं. दिसायचं त्ये येक मोठं चाक, मोटारीच्या पट्ट्यावर गरागरा फिरनारं. पान खाऊन व्हईस्तवर पायलीचं पीठ. मी पयल्यांदा पायलं आन मला रडूच आलं. खरंच सांगते, तितंच पदर तोंडाला लावून रडले.

त्यात धाकट्या ननंदेचं लगीन आठ दिसांवर आल्यालं. दोन पोती जवारी आन येक पोतं गहू दळायचा व्हता. चक्की न्हायतर माझा खांदा, तिसरं कोन नव्हतं. मी आत्याबाईच्या मागं लागले. रोज सांजच्याला पाय चेपले. चौथ्या दिशी आत्याबाई म्हनाल्या, "चल, बगून येते. पटलं तर बगू."

आत्याबाई बगायला निगाल्या म्हनल्यावर गल्लीतल्या चार सासवा मागं आल्या. आमच्या गल्लीत आत्याबाईनं मान हलवली की समद्यांची हलायची. रुद्रप्पानं चाकाला हळद-कुकू लावलं, बटन दाबलं. चाक फिरलं. आत्याबाईनं फुडच्या दारातनं येकडाव पायलं, दोनडाव पायलं, मंग हवेत बोट फिरवून ताळा केला.

"रुद्रप्पा, ह्ये उलटं फिरतंय."

आता ह्येचं आसं हाय. जातं फिरवायचं त्ये देवाला प्रदक्षिना घालतो तसं, उजव्या अंगानं. उलटं फिरवायचं त्ये मयताच्या कामाला, आसं आमच्यात धरत्यात. उलट्या जात्याचं पीठ लग्नाला म्हंजे नवरा-नवरीला बोवल्यावरनं सरळ तिरडीवर. चारी सासवांनी तोंडाला हात लावलं. माझी दळनाची बुट्टी तितंच सोडून आत्याबाई म्हागारी फिरल्या.

"थांबा बजाक्का," रुद्रप्पा म्हनला, "ह्ये आपला रामहरी सुलटं करंल. इदु येनु दोड्ड, मोठं काम नव्हं."

रामहरी म्हंजे होटगीचा तारवाला. होटगी ठेसनावर आगगाडीच्या डब्यातलं दिवं लावायचा, म्हनून त्येला वाटायचं समदी ईज आपल्याच खिशात हाय. त्यो फुडं आला, छाती काडून म्हनला, "मावशी, ही ईज डी. सी. हाय. येका तारंनं येती, दुसरीनं जाती. कदी मागं फिरत न्हाय. लई सरळ ईज."

"सरळ हाय तर चाक वाकडं का?" आत्याबाईनं इचारलं. "आन येती कुनीकडनं?"

"जिनिंगातनं."

"म्हंजे दक्षिनेकडनं." आत्याबाईनं सासवांकडं पायलं. दक्षिन म्हंजे यमाची दिशा. येक सासू तर तितंच खाली बसली. "यमाच्या घरची ईज आन तीबी सरळ. तरीच."

रामहरीला घाम फुटला. पर त्येला येक युगत सुचली. म्हनला, दोन तारांची आदलाबदल करतो, मंग ईज ज्या वाटंनं जात व्हती त्या वाटंनं येनार, चाक आपसूक सुलटं. मला तर लई पटलं. त्येनं तारा सोडल्या, हिकडची तिकडं केली, बटन दाबलं.

चाक उलटंच फिरलं.

त्येनं परत आदलाबदल केली. उलटंच. परत केली. उलटंच. आसं सातडाव केलं. मोटार काय ऐकंना. मागनं मला येका शिकल्याल्या मानसानं सांगितलं, त्या मोटारीत दोन वेटोळी आस्त्यात, भाईरच्या तारा बदलल्या की दोनी येकदम उलटी व्हत्यात, म्हनून चाक व्हतं तसंच फिरतंय, आतली येकच बदलाय पायजे. पर रामहरीनं जलमभर नुसतं दिवं लावलं व्हतं, आन दिव्याला काय, कशी बी जोडा. आत उघडून बगतो म्हनला तर रुद्रप्पा पाना घिऊन आंगावर आला. मोटारीचं झाकन उघडलंस तर तुजंच झाकन उघडतो म्हनला.

मंग कुनीतरी म्हनलं, दिष्ट लागली आसंल. चाकाला लिंबू-मिरची बांदली. बटन दाबलं, लिंबू सुटलं त्ये रामहरीच्या कपाळावर, आन रस डोळ्यात. त्यो डोळं चोळत मोटारीलाच नमस्कार घालत व्हता. आत्याबाई मला म्हनाल्या, "सोजरे, घरला चल. जातं धू."

काय सांगू, त्या दिशी मी जातं धुतलं का जात्यानं मला धुतलं. दोन दिसात आर्धं पोतं झालं. तळहाताला पाच फोड आलं, त्यातलं दोन फुटलं. अडीच पोती ऱ्हायली व्हती. मी घरधन्याला फोड दावलं. ह्येंनी येक येक मोजलं आन म्हनले, "आवं, पाच हायती." मी उठून दुसऱ्या खोलीत गेले. न्हायतर जात्याचा खुटा त्येंच्या डोक्यात घातला आसता.

तिसऱ्या दिशी दुपारी मी चक्कीवर ऱ्हायल्याली बुट्टी आनाय गेले. फुडच्या दारानं जायाची लाज वाटली, म्हनून मागच्या परड्यातनं गेले. तितं रुद्रप्पाची म्हस बांदल्याली, तिच्या शेपटाखालनं वाकून मागच्या दारात शिरले. आत रामहरी मोकळीच चक्की चालवून बगत व्हता. मी चाकाकडं पायलं.

चाक सुलटं फिरत व्हतं.

"रामहरीदादा, जमलं की वो," मी म्हनलं आन आनंदानं फुडच्या दाराकडं पळाले, गल्लीत सांगाय. उंबऱ्यात वळून पायलं तर चाक उलटं. मी परत मागं गेले. सुलटं. फुडं आले. उलटं. मंग मी मदीच थांबले, बोट हवेत फिरवलं, आंग वळवलं, परत फिरवलं.

"रामहरी, सोजरक्काला धर," रुद्रप्पा हळूच म्हनला. "शॉक बसला वाटतं."

"शॉक न्हाय बसला, आन्ना," मी म्हनलं. "चक्कीला काय झालं न्हाय. दार चुकलंय."

दोगांना समजून सांगाय मला चारडाव चक्कीभवती फिरवावं लागलं. रामहरीला तर हाताला धरून. शेवटी रुद्रप्पाला समजलं आन त्यो भितीला टेकून कानडीत आसा हसला की म्हस हंबरली.

मंग काय. आमी फुडचं दार लावून घेतलं, तराजू मागं नेला, म्हस दुसरीकडं बांदली. परड्यात मी सोता सडा घातला, रांगोळी काडली, फोडावर चिंदी बांदून. आन सांजच्याला आत्याबाईला म्हनलं, "रामहरीनं चाक नीट केलंय. येकडाव बगा."

आत्याबाई आल्या. चार सासवा बी आल्या, पर त्या सडकंवर फुडच्या दाराशीच थांबल्या, बजाबाई काय म्हनती त्ये बगाय. मी आत्याबाईला बोळातनं मागं आनलं. रुद्रप्पानं बटन दाबलं. आत्याबाईनं चाकाकडं पायलं. बोट हवेत फिरवलं.

"बरुबर हाय," त्या म्हनाल्या. माझ्या जिवात जीव आला.

मंग त्येंनी फुडच्या लावल्याल्या दाराकडं पायलं. "त्ये दार का लावलंय?"

रुद्रप्पाला खोकला आला. रामहरीला बी आला. आत्याबाईनं पदर सावरला आन चक्कीला वळसा घालून सावकास फुडच्या दाराशी जाऊन हुब्या ऱ्हायल्या. तितनं चाकाकडं पायलं. बोट फिरवलं. मी डोळं झाकलं. अडीच पोती माझ्या डोळ्याम्होरं आली. मला इतका राग आला, इजंचा, दक्षिनेचा, त्या गोल चाकाचा, की वाटलं समद्यांच्या नावानं तितंच बोंब मारावी.

आत्याबाई म्हागारी आल्या. माझा हात घेतला, चिंदी सोडली, फोड बगितलं. मंग आपला तळहात माझ्या हाताशेजारी धरला. त्येंच्या हाताला घट्टं व्हतं, पिवळं, कातड्याच्या चपलंवानी.

"मी नवी नवी आले तवा सासूला म्हनलं, जातं जड जातंय," त्या हळू बोलल्या. "ती म्हनली, दळायलाच आनलीया तुला. त्येच्यानंतर मी कुनाला कदी काय म्हनलं न्हाय."

मी आपली रडाय लागले.

आत्याबाईनं माझी बुट्टी उचलली आन सोताच्या हातानं जवारी चक्कीत वतली. मंग त्या लावल्याल्या दाराकडं तोंड करून सडकंवरच्या सासवांना म्हनाल्या, "बायांनो, तितं काय हुब्या ऱ्हायलाय? चाक नीट हाय. माझ्या डोळ्यानं बगितलंय. मागनं या."

आन पीठ पडाय लागलं तसं माझ्याकडं न बगताच म्हनाल्या, "सोजरे, त्या फुडच्या दाराला खिळं मारून घ्यायला सांग रुद्रप्पाला."