टिंबाची खोड

“आई, पुन्हा टिंब दिलंस!” लेक ओरडली आणि मी जीभ चावली.

सकाळचे सात वाजले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला गार झालेला चहा. लेक शाळेत गणित शिकवते आणि मी सव्वीस वर्षं प्रोग्राम लिहिते. तरी मास्तरीण ती आणि विद्यार्थिनी मी. अकरा वाजता कंपनीत परीक्षा होती. नव्या भाषेत प्रोग्राम लिहून दाखवायचा. चालला तर नव्या विभागात जागा, नाहीतर महिनाअखेरीस निरोप समारंभ. एकावन्नाव्या वर्षी घरी बसायची माझी मुळीच तयारी नव्हती. मला हे काम आवडतं.

चार महिने घासून अभ्यास केला होता. नवी भाषा कळत होती, घोडं अडत होतं ते टिंबाशी. माझ्या जुन्या भाषेत प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम लागतो, तो राहिला तर प्रोग्राम रुसतो. नव्या भाषेत तेच टिंब ओळीच्या शेवटी पडलं की प्रोग्राम रुसतो. हे डोक्याला पटलं होतं, उजव्या अनामिकेला पटत नव्हतं.

लेकीने त्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळली. “आता दाबून दाखव!”

“सगळे विचारतील ना, काय लागलं म्हणून.”

“सांग, सवय लागली.”

परीक्षा घ्यायला आमचा साहेब होता, माझ्या लेकीच्या वयाचा. माझ्या जुन्या प्रोग्रामला तो ‘आजीबाई’ म्हणायचा, मला नीट ऐकू येईल अशा बेताने. दवाखान्यात कुठली खाट रिकामी आहे ते सांगणारा प्रोग्राम होता तो. लेक पोटात होती तेव्हा मी लिहिलेला.

“ताई, बोटाला काय लागलं?”

“सवय,” मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही.

पाऊण तास खाली मान घालून लिहिलं. चालवून बघितलं तर पडद्यावर लाल अक्षरं. अनामिका पट्टीत गुपचूप बसली होती, मग हे केलं कोणी? बघते तर अठराव्या ओळीच्या शेवटी टिंब! शेजारच्या मधल्या बोटाने परस्पर काम उरकलं होतं.

“मी सांगू का, ताई?” साहेब पुढे वाकला.

“नको. सापडलंय.”

टिंब पुसलं, पुन्हा चालवला. चालला.

“झालात पास!” तो खरंच खूश झाला. मग खुर्चीत चुळबुळ करू लागला. “नव्या विभागातलं पहिलं काम... खाटांचा नवा प्रोग्राम तयार आहे. जुना आज बंद करायचाय. दुसऱ्या कोणाला सांगू का?”

“का? मी मेले का?”

जागेवर येऊन आजीबाईंना शेवटचं उघडलं. वरपासून खालपर्यंत वाचलं. प्रत्येक टिंब जागच्या जागी होतं. डोळे भरून आले, पण मी थांबले नाही. बंद करायचं बटण दाबल्यावर एक चौकोन आला: कारण लिहा.

बोटाची चिकटपट्टी सोडवली. ‘काम पूर्ण झालं’ असं लिहिलं आणि अनामिकेने शेवटी टिंब दिलं.