एकशे सतरा नंबरचा शेरा

"दोनशे अकरा बरोबर, एक चूक," टीमलीड खुर्ची वळवून म्हणाली. "ताई, एकच ओळ जुळत नाहीये. कापून टाकू का?"

"काय कापून टाकतेस?"

"शेरा हो. लांबलचक येतोय. जुन्या निकालाएवढा केला की स्क्रीनवर सगळं हिरवं, म्हणजे पास. मग जेवायला जाऊ या, भूक लागलीय."

"हिरवं करायला नाही बसलो आपण इथे," ताई म्हणाल्या. हे वाक्य त्या वर्षातून निदान शंभरदा म्हणत, आणि टीमलीडला ते पाठ झालेलं होतं. वयानं ती ताईंच्या लेकीएवढी आणि हुद्द्यानं त्यांच्या वर, त्यामुळे दोघींचं एकमेकींवर रागावणं कधी धड जमलंच नाही.

कंपनी वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. सभासद कोण, पुस्तक कुणी नेलं, परत कधी आलं, एवढाच कारभार. पण दर दोन-तीन वर्षांनी नवं व्हर्जन निघायचं, आणि जुन्या व्हर्जनमधली सगळी माहिती नव्यात सुखरूप चढवावी लागायची. चढवताना काही सांडलं का, हे बघणं ताईंचं काम. घर बदलताना दारात उभं राहून सामान मोजून घेणारं एक माणूस असतं ना, तसं. नातेवाइकांना हे काम समजावून सांगता सांगता त्या थकल्या होत्या. सासूबाईंना मात्र पहिल्या फटक्यात कळलं होतं. "म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. जमेल तुला," असं त्या म्हणाल्या होत्या.

आजची चाचणी जरा वेगळी होती. इतकी वर्षं माहिती पायरी-पायरीनं चढायची, तीनवरून चारवर, चारवरून पाचवर. आता नव्या पद्धतीत तीनवरून थेट बारावर उडी होती. तीन नंबरचं व्हर्जन वापरणारं शेवटचं वाचनालय पुढच्या आठवड्यात बारावर येणार होतं, आणि मग तीनचा निरोप. त्याच्याबरोबर त्या व्हर्जनसाठी रचलेले दोनशे बारा खोटे सभासदही कायमचे बंद होणार होते. ते सभासद मास्तरांनी रचलेले होते.

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवायला नव्हते. ते या खात्याचे पहिले प्रमुख. खिशाला कायम लाल पेन, म्हणून मास्तर. कंपनी तेव्हा शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. खालून शिवणयंत्रांची घरघर, वर कॉम्प्युटरच्या पंख्याची, त्यामुळे 'स्वल्पविराम राहिलाय' हेसुद्धा ओरडून सांगावं लागे. काय दिवस होते ते! एकाच टेबलावर चौघं, आणि खिडकी उघडायची तर एकानं उठून बाहेर जायचं.

चाचणीसाठी सभासद हवेत म्हणून मास्तरांनी ऑफिसातली सगळी मंडळीच वाचनालयात भरती करून टाकली. उरलेले मनाचे. प्रत्येकापुढे एक शेरा. मालकांपुढे 'पुस्तक नेतात, वाचत नाहीत.' टायपिस्टपुढे 'शेवटचं पान आधी वाचते.' मास्तर शब्दांच्या बाबतीत भलतेच चिक्कू, चार शब्दांत माणूस उभा करायचे. लोक आपला शेरा शोधून काढून हसायचे.

एकशे सतरा नंबर ताईंचा. त्या तेव्हा ताई नव्हत्या, नोकरीला लागून सहा महिने झालेली, नखं खात बसणारी मुलगी होत्या. तीनवरून चारवर चढवण्याची ती पहिली चाचणी, आणि चारमध्ये काय उतरलंय ते वाचायचं काम त्यांच्याकडे. वाचता वाचता त्या स्वतःपाशी आल्या.

'हिच्या भरवशावर काहीही सोडता येणार नाही अ'

शेवटचा 'अ' बोट घसरून पडला असेल, असं त्यांना वाटलं. खरं तर तेवढं वाटायलाही त्यांना शुद्ध नव्हती. शेजारी मास्तर संत्रं सोलत होते.

"काय, आवडला का शेरा?" त्यांनी विचारलं.

"कळला," ताई म्हणाल्या.

मास्तर हसले आणि त्यांनी संत्र्याच्या दोन फोडी पुढे केल्या. ताईंनी घेतल्या नाहीत.

ते वाक्य त्यांच्या फार जिव्हारी लागलं. मास्तरांच्या शेजारी पुढची अकरा वर्षं त्यांनी काढली ती दात-ओठ खाऊन. त्यांच्या आधी यायचं, त्यांच्या नंतर निघायचं, एक चूक म्हणून सुटू द्यायची नाही. लोक म्हणत, काय चोख काम आहे बाईचं! मास्तर निवृत्त होताना सगळं खातं त्यांच्या हाती देऊन गेले, तेव्हासुद्धा ताईंना वाटलं की म्हाताऱ्याला दुसरं कुणी मिळालं नसेल. निरोपाच्या कार्यक्रमात फुलं देऊन त्या लगेच जागेवर येऊन बसल्या. पुढे मास्तर आजारी पडले. ऑफिसची माणसं पाळीपाळीनं दवाखान्यात जाऊन आली. "तुम्ही येताय ना ताई?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "रिलीज आहे हो, नवं व्हर्जन निघतंय." रिलीज कायमच असतं. दोन वर्षांपूर्वी मास्तर गेले.

"ताई? कापू ना?"

"आधी वाच, काय जास्तीचं आलंय ते."

टीमलीडनं घडाघडा वाचलं. "'हिच्या भरवशावर काहीही सोडता येणार नाही असं पहिल्या दिवशी वाटलं होतं. चूक झाली. आता सगळं हिच्यावर सोपवून मी निवांत जाईन.' कोण हो ही?"

ताई उठल्या. तिच्या खांद्यावरून वाकून त्यांनी ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाल्या, "तीन नंबर उघड. मूळ दाखव."

मुळातही अक्षर न् अक्षर तसंच होतं.

"अगंबाई," टीमलीड म्हणाली, "चारमध्ये शेऱ्याची जागा चाळीस अक्षरांची केली होती. मात्रा, वेलांट्या, मधल्या मोकळ्या जागा सगळं धरून चाळीस. बाकीचे शेरे छोटे, ते बसले. हा एकच कापला गेला. 'असं'मधल्या 'अ'वर. पण मग पहिल्याच चाचणीत कसं सापडलं नाही कुणाला?"

ताईंना उत्तर माहीत होतं. नियम असा की निकाल काय यायला हवा त्याची यादी मुळावरून करायची. ती यादी ताईंनी केली होती. संध्याकाळी पाच वाजता सुरुवात केली तर दोनशे बारा ओळी मुळावरून कधी लिहून व्हायच्या, म्हणून त्या कच्च्या मुलीनं चारमध्ये उतरलेलंच जसंच्या तसं उचललं होतं. तेव्हापासून दर वर्षी चूक चुकीशी जुळत आली होती आणि ताई तिच्यापुढे 'बरोबर' अशी खूण करत आल्या होत्या. जगाचे स्वल्पविराम शोधणाऱ्या बाईनं स्वतःच्या ओळीवरून दर वेळी नजर उचलून पुढे नेली होती. दुखत होतं ना, म्हणून. आणि मास्तर बिचारे समजत राहिले असतील की हिनं सगळं वाचलंय.

त्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

"ताई, काय झालं? पाणी आणू?"

"काही नको. त्या ओळीला हात लावू नकोस. नवं बरोबर आहे, जुनं चूक. एकोणीस वर्षं चूक. आणि चारवरून गेलेल्या सगळ्या वाचनालयांना कळवायला लागेल, त्यांचेही लांब शेरे तुटले असतील."

"अहो, पण रिलीज अडकेल!"

"अडकू दे."

अहवालात 'चूक कुणाची' असा एक रकाना असतो. बहुतेक लोक तो रिकामा ठेवतात. ताईंनी त्यात आपलं पूर्ण नाव घातलं, मग डबा तसाच ठेवून जिन्यात जाऊन मास्तरांच्या घरी फोन लावला.

"कोण?" मास्तरांच्या पत्नीचा, वहिनींचा आवाज बारीक झाला होता. ताईंनी ओळख सांगितली, तशी त्या म्हणाल्या, "अगं तू! किती वर्षांनी गं."

"वहिनी, मास्तरांनी माझ्याबद्दल एक लिहून ठेवलं होतं. मी अर्धंच वाचलं होतं. आज पुरं वाचलं."

"वाच बघू मला."

ताईंनी वाचून दाखवलं. मधे दोनदा थांबावं लागलं.  वहिनी चक्क हसल्या.

"ते असंच बोलायचे गं. आधी नन्नाचा पाढा, मग बाकीचं. मला बघायला आले तेव्हा पहिलं वाक्य काय, तर 'मला लग्न करायचं नाही.' मी उठून जाणारच होते. पण त्यांचा आवाज कापत होता, म्हणून बसून राहिले. मग कितीतरी वेळानं पुढचं आलं, 'असं कालपर्यंत वाटायचं.'"

ताईंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"आजारपणात मी विचारायचे, ती का येत नाही हो तुमची? तर म्हणायचे, तिला कशी सवड होणार, सगळं तिच्यावर टाकून आलोय मी." वहिनींनी मधेच विचारलं, "ऐकते आहेस ना?"

"ऐकतेय," ताई म्हणाल्या आणि जिन्याच्या पायरीवर खाली बसल्या. "बोला वहिनी. तुमचं होईपर्यंत मी ठेवत नाही."