पोचा पडलेला डबा

इंदुबाईंशी माझी अडतीस वर्षांची मैत्री, आणि ती मी एका बोटानं मोडायला निघाले होते.

नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागून आम्ही तारापूरच्या वसाहतीत आलो, तेव्हापासून संक्रांतीचं हळदीकुंकू चुकलं नाही. इंदुबाई आता लेकीकडे सफाळ्याला असतात. यंदा त्यांनी वाण म्हणून स्टीलचे डबे लुटले. घरी येऊन पाहते तर माझ्या डब्याच्या बुडाला पोचा. तो माझ्याच हातून पडलेला! तीन वर्षांपूर्वी मीच लुटलेला डबा. संतापून मी फोनवरच्या आमच्या गटावर लिहिलं, ‘इंदुबाई, माझाच डबा मला?’

मग आठवलं. नव्वद साली त्यांच्या गुळपोळीला चिवट म्हटलं, तर बाई अकरा महिने बोलल्या नव्हत्या.

“स्वरा, हे पूस! इंदुबाई झोपून उठल्या की चारला वाचतील.”

नात हसत सुटली. “आजी, जुन्या गटावर एका जागी पुसलं की संपलं असतं. पण त्या कंपनीनं तुमचा हळदीकुंकवाचा गट जाहिरात समजून बंद केला. म्हणून मी हे लावून दिलं. वसाहतीचा सर्व्हर वेगळा, घिवलीचा वेगळा, सफाळ्याचा वेगळा. मालक कुणी एक नाही, पण एकमेकांना प्रती पाठवतात.”

“मग तिघांना पुसायला सांग.”

“सांगितलं. ऐकणं त्यांच्या हातात.”

घिवलीचा सर्व्हर जिच्या घरी, त्या आमच्या नवसीला फोन केला. “आमी वाचून मगच पुसला, बाय. झ्याक लिवलंस!”

सफाळ्याचा सर्व्हर मात्र दाद देईना. तो चालवतो इंदुबाईंचा जावई जितेश, आणि तो बोईसरच्या कारखान्यात, फोन फाटकावर जमा.

“आणि सर्व्हरच नसता तर?”

“तर प्रत प्रत्येकीच्या फोनमध्ये. पुसायला घरोघर हिंडली असतीस.”

चारला फोन वाजला.

“वाचलं हो!” इंदुबाई कडाडल्या. “माझा एक डबा कमी पडला, म्हणून कपाटातला काढला. तो मला हेतलनं दिलेला!”

आमच्या जुन्या शेजारणीला, हेतलला, स्वराच्या फोनवरून विचारलं. तिला नवसीनं दिलेला. हेतलचाही एक कमी पडला होता. आणि नवसीला दिलेला मी.

“बघ आजी,” स्वरा म्हणाली, “याला सर्व्हर लागलाच नाही.”

फोनवर इंदुबाई खोकल्यासारखं हसत होत्या. “आता तरी ठेवून घ्या तो डबा!”

“छे हो,” मी म्हटलं. “पुढच्या वर्षी माझाही एक कमी पडणार आहे.”