पेन्सिल खाली

बेलापूर गावातल्या शाळेत १९८२ साली सरोजिनीबाई चौथीला शिकवत. त्यांच्या वर्गात शेवंताबाई कोळिणीची गंगू होती. पाढे तोंडपाठ, पण गणित बघितलं रे बघितलं की बेरीज करून मोकळी! ‘किती टोपल्या उरल्या’ असं विचारलेलं असो नाहीतर ‘प्रत्येकीला किती’, गंगूची बेरीज ठरलेली. वहीभर लाल फुल्या.

“हिला गणित येत नाही,” हेडमास्तर दिनानाथ म्हणाले.

“येतं, सर. थांबता येत नाही. ते मी शिकवते.”

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वर्गाला नियम लागला. गणित वाचायचं, पेन्सिल खाली ठेवायची आणि शेजारच्याच्या कानात सांगायचं: काय विचारलंय, आधी काय करणार. मगच पेन्सिल उचलायची. वर्गात नुसती कुजबुज. दिनानाथ दाराशी येऊन कपाळाला आठ्या घालून गेले. बाई शिकवत राहिल्या.

पंधरा दिवसांनी शेवंताबाई शाळेत आली. “बाई, पोरगी घरान पन एकटीच पुटपुटते. कुनाची नजर लागली हाय का?”

बाई हसल्या. “नाही हो. आधी काय, मग काय, ते स्वतःलाच सांगते. पुढे मनातल्या मनात सांगेल.”

दिवाळीनंतर कानात सांगणं बंद झालं. फक्त ओठ हलवायचे. संक्रांतीनंतर ओठही मिटायचे. गंगूला ते फार जड गेलं. हात पुन्हा पेन्सिलीकडे धावायचा. बाई नुसत्या बाकाशी येऊन उभ्या राहत.

वार्षिक परीक्षेला दुसऱ्या शाळेचे मास्तर आले होते. तिसऱ्या गणिताला गंगूचे ओठ हलले.

“ए, बोलायचं नाही!”

गंगू दचकली आणि घाईत बेरीज करून बसली. मग तिने पेन्सिल ठेवली, हात मांडीवर घेतले आणि गणित पुन्हा वाचलं. बेरीज खोडली.

बाहेर आल्यावर म्हणाली, “बाई, शेवटचं राहिलं. येल संपली.”

“आणि बाकीची?”

“सगली वाचून केली.”

पेपर तपासून झाले. गंगूला एकसष्ट गुण मिळाले होते. दिनानाथांनी खोडलेल्या बेरजेवर बोट ठेवलं. “ही काय खोडाखोड?”

“तिची ती थांबली, सर. मी तिथे नव्हते.”

दिनानाथांनी पेपर पुन्हा वरपासून पाहिला.

“जूनपासून पाचवी तुम्हीच घ्या,” ते म्हणाले.

“घेते. पण कुजबुज चालवून घ्यावी लागेल.”