पूर्ण घेतले

चाळीस वर्षं शिंपीकाम करत लोकांच्या पोटांचे घेर मोजणाऱ्या अप्पांचा स्वतःचा घेर दोन महिन्यांत चार बोटं आत गेला होता. आतड्यात गाठ निघाली होती आणि ती कापून काढायची होती. पण त्याआधी इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी धाकटीच्या, म्हणजे अप्पांच्या धाकट्या लेकीच्या, हातात एक वही ठेवली. दोन आठवडे रोज दोन अंडी, तीन ग्लास प्रथिनांची पावडर आणि जमेल तेवढं दूध. जे पोटात जाईल तेच वहीत लिहायचं.

“अंगात ताकद नसेल तर जखम भरत नाही, ताई,” बाई म्हणाल्या. “खाणं कमी पडतंय असं दिसलं, तर आपण ऑपरेशन पुढं ढकलू.”

धाकटीनं मान डोलावली आणि मनातल्या मनात रजेचे दिवस मोजले. ऑफिसनं एक महिना दिला होता, तोही साहेबांनी कपाळाला आठ्या घालून. थोरली सासरी, लांब. तारीख हलली असती तर हिची नोकरी तरी गेली असती नाहीतर अप्पा एकटे पडले असते.

पहिले दोन दिवस अप्पांनी नाक दाबून ग्लास रिकामे केले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ग्लास सरकवून दिला. “यात खडू कालवलाय की काय? तूच पी.”

चव बदलून बघता आली असती. निदान बाईंना फोन करता आला असता. पण फोन केला तर तारीख गेलीच म्हणायची. धाकटीनं ग्लास बेसिनमध्ये ओतला आणि वहीत लिहिलं, ‘पूर्ण घेतले.’ खोट्याचं असंच असतं, पहिल्यांदा जड जातं आणि मग सवय होते. पुढं पुढं तर ती तिन्ही वेळचं सकाळीच लिहून मोकळी व्हायची.

वजनाच्या दिवशी अप्पांनी कळस केला. अंगात जाड कोट आणि कोटाच्या आतल्या खिशात कापड बेतायची भलीमोठी लोखंडी कात्री! वजन उतरलेलं दिसलं नाही, बाई खूश झाल्या आणि जिना उतरताना बापलेकीची हसून हसून पुरेवाट झाली.

ऑपरेशन ठरल्या दिवशी पार पडलं. आठव्या दिवशी टाके उसवले. जखमेतून पाणी येऊ लागलं आणि अप्पांचे गाल आणखी बसले. सर्जन खाटेपाशी वही चाळत म्हणाले, “खाणं तर उत्तम होतं. मग जखम का धरत नाही? तपासण्यांत काही दिसत नाहीये. आतच काहीतरी बिघडलं असणार. उद्या परत उघडून बघू.”

एवढ्याशा जिवाला परत भूल, परत सुरी. सर्जन गेले, पण आहाराच्या बाई वही मिटत थांबल्या होत्या.

“बाई, त्या वहीतलं खरं नाही,” ती म्हणाली. “अर्ध्याहून जास्त मी ओतून दिलंय. वजनाच्या दिवशी त्यांच्या खिशात कात्री होती, तेही मला माहीत होतं.”

बाईंची नजर झोपलेल्या अप्पांकडे गेली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “अप्पांचा हट्ट असेल ना?”

‘हो’ म्हटलं की सुटका होती. झोपलेला बाप काही उठून साक्ष देणार नव्हता. तिला स्वतःचीच किळस आली.

“नाही. माझी रजा संपत होती. तारीख हलू नये म्हणून लिहीत गेले.”

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिथूनच सर्जनना फोन लावला. उद्याचं उघडणं थांबलं. संध्याकाळपासून नाकातून नळी घालून आहार द्यायचं ठरलं आणि बाई नळीच्या तयारीला लगबगीनं निघून गेल्या.

धाकटी वळली, तर अप्पांचे डोळे उघडे होते.

“मला वाटायचं, तुला माझी दया येते,” ते म्हणाले. “बाप दुखण्यानं पिचलाय, नको त्याला छळायला, म्हणून लाड करतेस.”

“नाही, अप्पा.”

“बरं वाटायचं गं मला,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.